माणशी दीड रुपया : अनुदानाचे शासन निर्णय लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ग्रामपंचायतींच्या निधीचे आणि अनुदानांचे शासन निर्णय ज्यांच्या टेबलावर लिहिले जातात, ते सर्व अधिकारी

विषय : लहान गावांच्या पैशाचं माप बदलण्याबाबत.
संदर्भ : आपली पाच वर्षांतली सगळी पत्रं. (क्रमांक लिहायला बसले तर कागद तिथंच संपेल.)

सप्रेम नमस्कार.

मी जावळी तालुक्यातल्या एका डोंगरगावाची माजी सरपंच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर 'सदर ग्रामपंचायतीचा अहवाल तात्काळ सादर करावा' असं पत्र निघेल आणि त्याचं उत्तर आमच्या भाऊसाहेबांना रात्री जागून लिहावं लागेल. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं २०२४ मध्ये ठरलं, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. त्यांच्याकडे आमच्यासकट तीन गावं आहेत. सोमवारी आमच्याकडं येतात. सोमवारी तालुक्याला बैठक असली, आणि ती बहुतेकदा असते, की पुढच्या सोमवारी.

जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत मी सदस्य म्हणून निवडून आले. त्या वेळी सरपंचपदाची सोडत निवडणूक झाल्यावर काढली होती. आमच्या गावाला 'महिला' निघालं आणि सातजणांतून खुर्ची माझ्याकडं आली. पहिले सहा महिने लोक कामाचं विचारायला आमच्या ह्यांच्याकडं जायचे. त्यांना बंधित-अबंधित सांगता येईना, तेव्हा माझ्याकडं यायला लागले.

तर त्या बंधित-अबंधितापासूनच सुरुवात करते.

२०११ च्या जनगणनेत आमच्या पंचायतीची लोकसंख्या ६४० लागली. तीन वाड्या, ११८ उंबरे. केंद्राचा पैसा राज्यांना आणि गावांना कसा वाटायचा ते सांगणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये ठरवले, हा आकडा मी प्रशिक्षणात पडद्यावर पाहिला होता. आमच्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. वाटणीत मोठं वजन लोकसंख्येला, थोडं क्षेत्रफळाला. असं गाळत गाळत ते पाणी आमच्या वाडीत पोचलं तेव्हा वर्षाला साधारण ३ लाख ६० हजार रुपये झालं. म्हणजे माणशी दिवसाला दीड रुपया. मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मोठ्या गावालाही माणशी एवढेच मिळतात, हिशोब सरळ आहे. पण सहा हजार वस्तीच्या गावात हा दीड रुपया साठून वर्षाला तीसेक लाख होतात आणि त्यातून एक काम उभं राहतं. आमच्याकडं तो तीन डब्यांत वाटला जायचा आणि एकही डबा भरायचा नाही.

डबे असे होते. ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी, हे दोन्ही बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचे. उरलेले ४० टक्के अबंधित. आमच्या हिशोबात १ लाख ८ हजार, १ लाख ८ हजार आणि १ लाख ४४ हजार. एका डब्याची गरज पूर्ण भागली असं ग्रामसभेनं आणि वरच्या कार्यालयानं लिहून दिलं तरच त्याचे पैसे दुसऱ्या डब्यात नेता यायचे; एरवी पाण्याचे पैसे स्वच्छतेला चालायचे नाहीत आणि स्वच्छतेचे पाण्याला. या अटीमागचा हेतू मला कळतो. बंधन नसतं तर गावोगाव नुसत्या कमानी आणि पेव्हर ब्लॉक झाले असते, हे मीही नाकारणार नाही. पण आमच्या गावाला उतार एवढा आहे की न्हाणीतलं पाणी सांडलं तर ते आपलं आपण ओढ्याला जातं. तरी आज आमच्या गावठाणात सत्तर मीटर बंदिस्त गटार आहे. का, तर स्वच्छतेचा डबा रिकामा करायचा होता, शोषखड्डे आधीच झाले होते, आणि मार्चअखेर जवळ आली होती. त्या गटारात पहिल्या पावसात डोंगराची माती भरली. आता मुलं तिच्यावर बसून मोबाईल बघतात. बसायला छान झालीय.

पाण्याच्या डब्याची गोष्ट जरा लांब आहे, पण ऐकाच.

आमच्या वरच्या वाडीत चौदा घरं. गावठाणातून दोन-अडीच किलोमीटरची पायवाट, ट्रॅक्टर जात नाही. वाडीच्या वर नऊशे मीटरवर कातळातून बारमाही झरा येतो. मेमध्येसुद्धा मनगटाएवढी धार असते. बायका मार्चपासून पावसापर्यंत तिथून हंड्यांनी पाणी वाहतात. झरा वर, वाडी खाली. म्हणजे पंप नको, वीज नको, बिल नको. झऱ्याला छोटी टाकी बांधायची, नऊशे मीटर काळा पाईप टाकायचा, वाडीत दोन हजार लिटरची टाकी ठेवायची. पंचायत समितीच्या अभियंत्यांनी अंदाजपत्रक केलं २ लाख ४० हजारांचं. सिमेंट-वाळू डोक्यावरून न्यायची मजुरी त्यात नीट बसत नव्हती. ती वाडीने अंगावर घेतली. 'आम्ही व्हाऊ, तुम्ही पाईप आणा,' असं वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी मला सांगितलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. त्या काय वाहणार? पण बैठकीत पहिला हात त्यांचा वर झाला.

आता २ लाख ४० हजारांचं काम आणि डब्यात १ लाख ८ हजार. शहाणा माणूस काय करेल? दोन वर्षं पैसे साठवेल, तिसऱ्या वर्षी काम करेल. मीही तेच म्हटलं. तर जानेवारी उजाडताच पत्रांची रांग : निधी अखर्चित का, खर्चाची टक्केवारी कमी का, खुलासा सादर करा. तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर यादी लावतात. खर्च कमी असलेली गावं लाल रंगात. आमचं गाव लाल. भाऊसाहेबांची मान खाली. शेवटी मधला मार्ग काढला. पहिल्या वर्षी पाच बंडलं पाईप घेऊन ठेवला, शंभर मीटरचं एक बंडल. टाक्या आणि उरलेला पाईप पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी दर बदलले, सुधारित अंदाजपत्रक आलं, त्याला पुन्हा तांत्रिक मंजुरी, पुन्हा प्रशासकीय मान्यता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

ते कागद फिरत होते तोवर जलजीवन ही सरकारची नळपाण्याची योजना आली. गावाच्या आराखड्यात वरची वाडी दाखवली होती. माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ. आम्ही हरखलो. लोकवर्गणी डोंगरी भाग म्हणून दहाऐवजी पाच टक्के, तीही मुंबईकर मंडळाने यात्रेला गोळा केली. आता वाडी जलजीवनमध्ये आहे म्हटल्यावर तिथं वित्त आयोगाचा पैसा घालता येईना. एकाच कामावर दुबार खर्च होतो. नियम बरोबर आहे. पण जलजीवनचं काम गावठाणापर्यंत आलं आणि थांबलं. ठेकेदाराचं बिल अडकलं, त्याने माणसं उचलली. मी कुणाचं नाव घेत नाही. त्याचीही बाजू असेल, पैसे न मिळता कोण काम करतो? राज्यभर ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करत होते, ते पेपरात आलेलंच आहे. वाडीचं मात्र असं झालं की या योजनेत नाव आहे म्हणून त्या योजनेतून काढली, आणि या योजनेचं पाणी आलं नाही. पाच बंडलं समाजमंदिरात पडून राहिली. दोन लाखांच्या कामाने पाच वर्षं खाल्ली, आणि यात कुणी एक रुपया खाल्लेला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण काम अडलं म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले असं शहरातल्या माणसाला लगेच वाटतं.

गावठाणात नळ आले, त्याचा आनंद आहे. पण तिथं विहिरीवर पंप आहे आणि त्याचं वीजबिल आमच्या बोकांडी. योजना बांधायला सरकारकडं पैसे असतात, चालवायला नसतात. पाचशे उंबऱ्यांच्या गावात बिल वाटलं जातं. आमच्या गावठाणात ऐंशी घरं, त्यातली पंचवीस कुलूपबंद. कुलपाकडून पाणीपट्टी कशी वसूल करू?

ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणाल तर घरपट्टी, दिवाबत्ती धरून वर्षाला साठ हजारांच्या आत, आणि त्यातली निम्मी चैत्र-वैशाखात मुंबईकर यात्रेला आले की हातात पडते. त्यातून पाणी सोडणाऱ्याचं मानधन, दिव्यांचं बिल, शेजारच्या गावाबरोबर सामाईक असलेल्या संगणक परिचालकाचा वाटा. मग १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे. राखायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण साठ हजारांचे पाच टक्के म्हणजे तीन हजार. गावात दिव्यांग सहाजण. प्रत्येकी पाचशे रुपये देताना मला त्यांच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं. एकाने तर परत केले. म्हणाला, 'वैनी, ग्रामपंचायतीला असू द्या.'

या साठ हजारांची जाणीव तुमच्याकडं नाही असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तुम्हीच ७५ हजारांची रेघ मारली. वार्षिक उत्पन्न ७५ हजारांच्या आत असलेल्या ग्रामपंचायतीने १० लाखांपर्यंतची कामं करावीत, वरच्यांनी १५ लाखांपर्यंत. म्हणजे लहान पंचायत वेगळी असते हे कागदावर मान्य आहे. फक्त ते आठवलं मर्यादा घालताना. पैसे देताना, माणूस देताना आठवलं नाही.

माणसावरून सांगते. मार्च २०२३, शेवटचा दिवस. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरून पेमेंट करायचं, त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, त्या पेनड्राईव्हसारख्या किल्लीत असतात, आणि मोबाईलवर ओटीपी येतो. गावात रेंज नाही. संध्याकाळी पाचला भाऊसाहेबांच्या मोटरसायकलवर बसून आम्ही खिंडीत गेलो. तिथं महादेवाच्या पाराजवळ एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की दोन कांड्या दिसतात. लॅपटॉप पेट्रोलच्या टाकीवर, मी मोबाईल उंच धरलेला. ओटीपी यायचा तेव्हा साईट लटकायची, साईट उघडायची तेव्हा ओटीपी बाद. साडेसात वाजले. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली. शेवटी माझी सही उमटली आणि भाऊसाहेबांची किल्ली म्हणाली, मुदत संपली. त्यांनी नूतनीकरणाचे पैसे भरले होते, पण त्यांची तिन्ही गावं एकाच महिन्यात आली होती आणि एक राहून गेलं. तो माणूस पारावर बसला आणि पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, 'ताई, मला अजून दोन गावांत जायचंय.' रात्री. मार्चअखेर.

एका माणसाकडं तीन गावं, म्हणजे तीन ग्रामसभा, तीन आराखडे, तीन लेखापरीक्षणं, तीन ठिकाणची जन्म-मृत्यू नोंद, आणि वर प्रत्येक खात्याचं ॲप. मोठ्या गावाला एक पूर्ण ग्रामसेवक, शिपाई, लिपिक, शिवाय गावात एखादा शिकलेला पोरगा जो प्रस्ताव तयार करून देतो. प्रस्ताव लिहिणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती पैसे देऊन विकत मिळते. तालुक्याला दोघंतिघं तेच करतात. पाच हजारांत 'फाईल' करून देतात. त्यांनी केलेली फाईल मंजूर होते, मी रात्री जागून लिहिलेली त्रुटी काढून परत येते. यात त्यांचा दोष नाही; त्यांना कुठल्या रकान्यात कुठला शब्द हवा ते माहीत आहे.

आता एक चांगली गोष्ट सांगते, म्हणजे पत्र नुसतं तक्रारीचं वाटणार नाही.

आमच्याकडं अकरा बायकांचा बचत गट आहे. नाचणीचं पीठ, सत्त्व, पापड. आम्हाला वाटलं यंत्र घ्यावं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. वाचायला फार गोड. मशिनी आणि शेड मिळून प्रकल्प ४ लाख ६० हजारांचा. त्यात आमचा १० टक्के वाटा ४६ हजार, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान येतं ते कर्जखात्याशेजारी तीन वर्षं बसून राहतं. आम्ही नीट फेडलं तरच शेवटी वजा होतं. म्हणजे पहिल्या दिवशी बँकेला सगळ्या रकमेची जोखीम दिसते आणि अकरा बायकांकडं तारण काय, तर नवऱ्यांच्या नावचे डोंगरउताराचे सातबारे. बँक बावीस किलोमीटरवर. सहा खेपा झाल्या. कधी कोटेशनवर जीएसटी क्रमांक नाही, कधी साहेब बदलले. मग कळलं, मशीन थ्री-फेजवर चालतं आणि आमच्या वाडीत थ्री-फेज नाही. खांबांचा खर्च आम्ही भरायचा. तिथं आम्ही फाईल मिटली.

त्याच गटाला त्याआधी 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानातून फिरता निधी मिळाला होता. पंधरा हजार रुपये. अट एवढीच : दर आठवड्याला बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, वहीत नोंद, ही पंचसूत्री पाळायची. यंत्राचं कोटेशन नाही, तारण नाही, तीन वर्षांची वाट नाही. ते पंधरा हजार आमच्यात किती वेळा फिरले त्याचा हिशोब माझ्या वहीत आहे. एकीची शेळी, एकीच्या मुलीची दहावीची फी, एकीचं बाळंतपण, मग बियाणं, मग पुन्हा शेळी. एकही हप्ता बुडाला नाही. त्या व्याजातून आणि बचतीतून आम्ही शेवटी अठ्ठावीस हजारांची सिंगल-फेजवर चालणारी छोटी चक्की घेतली. आजही चालते. आवाज जरा जास्त करते.

मला जे म्हणायचंय ते या पंधरा हजारांत आहे. ज्या पैशाने आमचं खरंच भलं केलं, तो सगळ्यात लहान होता, आधी आला होता, आणि कशावर खर्च करायचा ते आमच्यावर सोडलं होतं. जो पैसा सगळ्यात मोठा होता तो सगळ्यात लांब राहिला.

मग बक्षिसांचं काय, असं तुम्ही विचाराल. १७ सप्टेंबर २०२५ पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं, राज्यात पहिल्या आलेल्या ग्रामपंचायतीला ५ कोटी. मी आकडेमोड केली : ५ कोटी म्हणजे आमच्या गावाचा जवळजवळ १३९ वर्षांचा वित्त आयोग. स्पर्धेने गावं हलतात, हे खरंच आहे. गाडगेबाबा स्वच्छता अभियानात आमचंही गाव झाडून निघालं होतं, तेव्हा मी नवी सून होते. आणि लहान गाव जिंकतच नाही असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी शंभरेक घरांची. २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. अभिमान आहे. पण प्रत्येक बैठकीत तिचं नाव आमच्या डोक्यात हाणलं जातं तेव्हा विचारावंसं वाटतं, राज्यात ग्रामपंचायती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. पहिली यायची किती? ज्याचं अंगण आधीच झाडलेलं आहे त्याला बक्षीस मिळतं आणि ज्याच्याकडं खराटा नाही त्याला टाळ्या वाजवायला बोलावतात.

अनुदानापेक्षा स्वतःची मिळकत बरी, हेही मला मान्य आहे. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा केवढंसं गाव, पाचशेच्या आसपास वस्ती. २००९ मध्ये त्यांना अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकण्याचा वाहतूक परवाना हाती आला, आणि ग्रामसभेच्या खात्यात स्वतःचा पैसा यायला लागला. कुणाच्या दारात पाच टक्के लोकवर्गणीचा कागद घेऊन जायची गरज उरली नाही. आमच्याजवळ कास पठार आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. फुलांच्या दिवसांत भोवतालच्या गावांची समिती प्रवेशशुल्क घेते, पोरांना हंगामात काम मिळतं. गर्दीचा त्रास आहे, तो वेगळा विषय. पण तिथलं पोरगं पावती फाडतं तेव्हा ताठ उभं राहतं. आमच्या वाट्याला ना बांबू आला ना फुलं. झरा आला, आणि त्याला पाईप मिळाला नाही.

दोष सगळा तुमचाच असं म्हणणार नाही. आमच्या ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. म्हणजे सत्तर-ऐंशी माणसं. ती पाच वर्षांत दोनदाच भरली, दोन्ही वेळा घरकुलाच्या यादीवरून भांडण होतं तेव्हा. एरवी सभा तहकूब, मग तहकूब सभा, तिला गणसंख्या लागत नाही. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्यात, तेही मी कबूल करते. भावकीतल्या दोन घरांनी रस्त्यासाठी दीड फूट जागा सोडली नाही म्हणून एक काम माघारी गेलंय. तीन लाखांसाठी एवढी वैरं असतात, तीस लाख आले असते तर काय झालं असतं, असं आमचे हे म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.

हे पत्र आत्ता का लिहिते, ते सांगते. यंदाच्या एप्रिलपासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू झाला, २०२६ ते २०३१. पाच वर्षांची नवी पत्रं आता तुमच्या टेबलावर तयार होतील. दिल्लीच्या अटी तुम्हाला बदलता येत नसतील, पण राज्याच्या आत कुणाला किती, हे राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीवर ठरवण्याची मुभा गेल्या वेळीही होती. तेव्हा डोक्यांच्या हिशोबाआधी प्रत्येक पंचायतीला एक ठरावीक किमान रक्कम द्या, मग उरलेलं माणशी वाटा. हजार वस्तीच्या आतल्या पंचायतीला वर्षाला दहा लाखांच्या खाली पैसा जाऊ नये, असं मला वाटतं. कारण दहा लाखांपर्यंतचं काम आम्ही करायचं असं तुम्हीच ठरवलंय. आणि डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांना काही वेगळं वजन द्या. तीन वाड्यांना एकच टाकी पुरत नाही.

आणि ही जनगणना. शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. फेब्रुवारीत आमचे गडी कोपरखैरण्याला, कामोठ्याला असतात. कुणी माथाडीत, कुणी मार्केटला, कुणी रिक्षावर. गाव भरतं ते यात्रेला, चैत्र-वैशाखात. ६४० ची ती संख्या पुढच्या वेळी चारशेवर आली तर नवल नको. माणसं गेली म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून उरलेली माणसंही जाणार. या चारशेंच्या जिवावर मात्र घरं तेवढीच, रस्ता तेवढाच, पाईप तेवढाच लांब. लोकसंख्या निम्मी झाली तरी झरा काही जवळ येत नाही. नुसत्या डोक्यांवर हिशोब का नको म्हणते, ते यासाठी.

साठवायची परवानगी द्या. आराखड्यात लिहून, ग्रामसभेत ठरवून एखाद्या पंचायतीने तीन वर्षांचा निधी एका कामासाठी बाजूला ठेवला, तर तिला लाल रंगात दाखवू नका. घरात मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशाला कुणी अखर्चित म्हणत नाही. पाच लाखांच्या आतल्या कामाला एक पानी अर्ज ठेवा. बचत गटाच्या पहिल्या लहान अनुदानाला फिरत्या निधीसारखं वागवा, आधी पैसे आणि नंतर वही तपासणी. एक योजना दुसरीमुळे बंद होत असेल, तर पहिलीचं पाणी प्रत्यक्ष येईपर्यंत दुसरी बंद करू नका. आणि दहा-बारा लहान गावांना मिळून एक अभियंता आणि एक प्रस्ताव लिहिणारा माणूस द्या, सरकारच्या पगारावर. त्याची खुर्ची तालुक्याला ठेवू नका. त्याला या गावांत फिरतं ठेवा, म्हणजे अंदाजपत्रक करण्यापूर्वी तो एकदा तरी सिमेंटची गोणी घेऊन वरच्या वाडीला चालत जाईल.

निवडणुकांचंही बघा. निवडून आलेली पंचायत नसली की वित्त आयोगाचा हप्ता थांबतो. २०२२ पासून जिल्हा परिषदा-पंचायत समित्यांवर प्रशासक बसले आणि त्यांचे वाटे अडकले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आमची मुदत फेब्रुवारीत संपली. आता इथंही प्रशासक आहेत, भले गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं इतरही बरीच गावं आहेत. निवडणूक लांबली तर दीड रुपयाही बंद, आणि त्यात ना आमची चूक ना त्यांची.

मी पुन्हा उभी राहणार नाही. सहा हजार मानधन झालंय आता, पूर्वी तीन होतं. तेवढ्यासाठी खिंडीतल्या त्या दगडावर परत उभं राहायची ताकद माझ्यात नाही. पण कागद वाचायची सवय लागलीय. तुमचे नवे निर्णय आले की संकेतस्थळावर वाचीन. चक्कीवर रेंज येते आता, एका कंपनीने टॉवर टाकलाय.

आपली,
एक माजी सरपंच
तालुका जावळी, जिल्हा सातारा

ता. क. : पाईपची पाच बंडलं समाजमंदिरात डाव्या कोपऱ्यात ठेवलीत, साठा नोंदवहीत नोंद आहे. एका बंडलाचं टोक उंदरांनी कुरतडलंय, तिथं हातभर कापून टाकलं की पाईप चांगला आहे. कुलपाची किल्ली शेजारच्या घरात मिळेल.